पहिली नळी सरांची

सर : ...आणि म्हणून मी नेहमी सांगतो, कॅन्सर शोधायला आधी डोळा लागतो, मग यंत्र. इथे टाळ्या पडतील, मी थांबेन, पाण्याचा घोट घेईन. ताई, ऐकताय ना?

ताई : ऐकतेय सर. बावीस वर्षं ऐकतेय.

सर : मग चेहरा असा का? चार वाजता खाली सभागृहात माझा सत्कार, आणि माझ्या प्रयोगशाळेतली सगळ्यात जुनी तंत्रज्ञ एरंडेल प्यायल्यासारखी उभी.

ताई : भाषणाआधी हा कागद बघा.

सर : भाषणानंतर बघतो.

ताई : नंतर उशीर होईल. चार वाजताच त्या शाळेतल्या बाई वॉर्डात दाखल होतायत. उद्या सकाळी आठला त्यांचं ऑपरेशन आहे. आपल्या रिपोर्टवरून.

सर : चांगलंच आहे की. रक्तात आपला मार्कर सापडला, कॅन्सरचा धोका कळला, दोन्ही स्तन काढले की बाई सुटल्या. भाषणात उदाहरण म्हणून घालू का?

ताई : नको. सर, तुम्ही परिषदेला गेलात ते पंधरा दिवस आठवा. तेवढ्यात आपल्याकडे तेवीस रुग्णांचं रक्त आलं. एकातही मार्कर नाही.

सर : एकातही?

ताई : एकातही नाही. सोमवारी तुम्ही परत आलात. मंगळवारी नऊ नमुने, त्यातल्या सातांत मार्कर. तुम्ही परदेशी गेलात की गाव बरं होतं आणि तुम्ही आलात की आजारी पडतं.

सर : रसायनं शिळी झाली असतील. माझ्या मागे कोणाचं लक्ष नसतं, हे मी जाताना बोललो होतो. मांजर गेलं की उंदरांना रान मोकळं.

ताई : मीही आधी माझीच चूक शोधली. बाटल्या बदलल्या, यंत्र धुतलं पुसलं, दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मग मंगळवारी रुग्णांच्या रक्ताच्या नळ्यांमध्ये एक नळी नुसत्या पाण्याची ठेवली. तुम्हाला सांगितलं नाही. ती तुम्ही नेहमीसारखी उघडलीत, बोललात, मला दिलीत.

सर : मग?

ताई : सर, त्या पाण्याला कॅन्सर आहे.

सर : पाण्याला.

ताई : आपल्या पेपरप्रमाणे तरी. जास्त धोक्याच्या गटात येतं.

सर : थट्टा पुरे. बावीस वर्षांचं काम आहे हे. दहापैकी सात रुग्णांत मार्कर आणि निरोगी माणसांत शून्य. शून्य, ताई. हा फरक काय आकाशातून पडला?

ताई : तुमच्या तोंडातून पडला. रुग्णाची नळी सरांनीच उघडायची, ही रीत कोणी घातली?

सर : मी. रुग्णाशी नातं जुळावं म्हणून. त्यात काय वाईट आहे?

ताई : आणि निरोगी लोकांच्या नळ्या?

सर : त्या तुम्ही उघडता. त्यात बघण्यासारखं काही नसतं.

ताई : मी मास्क लावते आणि गप्प बसते. तुम्ही मास्क लावत नाही, फोटोत चेहरा दिसत नाही म्हणून. नळी उघडता, भोवती विद्यार्थी जमतात, आणि मग तुम्ही बोलता. मागच्या महिन्यात पेशीच्या स्वभावावर पाऊण तास बोललात. नळी उघडीच होती.

सर : शिकवत होतो मी.

ताई : शिकवताना थुंकी उडते सर. सगळ्यांचीच उडते. रुग्णाच्या रक्तात आपल्याला ते जे पुसटसं काहीतरी सापडायचं ना, पेपरात आपण त्याला 'अत्यल्प पण अर्थपूर्ण' म्हटलंय, ते तुमचं आहे. तुमच्या चहाच्या कपाची कड पुसून तपासली. आपण मार्कर म्हणतो तो जनुकातला बदल तुमच्या अंगात जन्मापासून आहे. लाखात एखाद्याला असतो.

सर : माझी तपासणी? मला न विचारता? मी नीतिसमितीकडे तक्रार करीन.

ताई : करा. अध्यक्ष तुम्हीच आहात.

सर : म्हणजे... थांबा. म्हणजे मला कॅन्सर होणार?

ताई : पेपर खरा असेल तर होणार. पेपर खोटा असेल तर तुम्ही ठणठणीत. दोन्हीतलं एक घ्या.

सर : मधलं काही नाही?

ताई : मधलं मीही शोधलं सर. सापडलं नाही.

सर : त्या मार्करला मी आईचं नाव दिलंय हो.

ताई : ते मात्र बरोबर निघालं. बहुतेक तिच्याकडूनच आला असेल.

(दार ढकलून संचालक आत येतात. हातात मानपत्राची चौकट.)

संचालक : डॉक्टरसाहेब, पावणेचार झाले. पाहुणे चहाला बसलेत. हे बघा, 'मानवजातीला वरदान' होतं, ते मी 'समस्त मानवजातीला' करून घेतलं. आणि तपासणीच्या किटचं उद्घाटन सत्काराला लागूनच उरकू. काय झालं? बरं नाही का?

ताई : सरांना बरंच आहे. अडचण तीच आहे.

सर : साहेब, मार्कर माझा आहे.

संचालक : तुमचाच आहे. तो तुमच्याकडून कोण घेतोय?

सर : तसं नाही. माझ्या थुंकीतला आहे. मी बोलतो तेव्हा नळीत पडतो. नुसत्या पाण्यातसुद्धा सापडला.

संचालक : हात्तिच्या. पाण्याचा पुरवठादार बदलू.

ताई : साहेब, पुरवठादार सर आहेत.

संचालक : बरं, बरं. काय आहे ना, ही तांत्रिक बाब दिसते. मी स्वतः विज्ञानातला, पण आता मला फाइलच जास्त कळते. आपण समिती नेमू. सहा महिन्यांत अहवाल. अध्यक्ष अर्थातच डॉक्टरसाहेब, कारण या विषयातला एवढा जाणकार दुसरा नाही. तोवर कार्यक्रम ठरल्याप्रमाणे.

ताई : समितीला सहा महिने आहेत. बाईंना सोळा तास आहेत.

संचालक : कोण बाई?

ताई : शाळेत गणित शिकवतात. बहीण याच आजाराने गेली, म्हणून धास्तावून आपल्याकडे तपासायला आल्या. अंगात गाठ नाही, एक्स-रेत काही नाही. आहे तो फक्त आपला कागद. उद्या त्या कागदावरून त्यांना कापणार आहेत.

संचालक : अरेरे. मग सर्जनना पत्र देऊ. रीतसर, योग्य त्या मार्गाने.

ताई : योग्य त्या मार्गाने पत्र तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जायला नऊ दिवस घेतं. हातमोज्यांच्या मागणीचं तसंच गेलं होतं. आलं तेव्हा मोजे संपून नवे येऊन तेही संपले होते.

सर : तुम्ही सर्जनना सांगितलंत का, ताई?

ताई : सकाळीच. ते म्हणाले, रिपोर्टवर सही कोणाची आहे, त्यांना सांगायला सांगा. तंत्रज्ञाच्या बोलण्यावर ऑपरेशन थांबवलं तर उद्या शिपाईही थांबवेल.

सर : आणि बाईंना?

ताई : त्यांनाही फोन केला. त्यांचा माझ्यावर विश्वास बसेना. म्हणाल्या, सरांनी माझी नळी माझ्यासमोर स्वतःच्या हाताने उघडली, किती आपुलकीने बोलत होते.

संचालक : बघा, असं करू. आधी मंचावर जाऊ. मानपत्र घ्या, दोन शब्द बोला, किटची फीत कापा. साडेपाचला निवांत फोन करा. बाई काय, रात्रभर वॉर्डातच असणार.

ताई : म्हणजे फीत कापून झाल्यावर किट खोटं म्हणून सांगायचं.

संचालक : खोटं कशाला म्हणायचं? 'पुनर्विचाराधीन' म्हणायचं. डॉक्टरसाहेब, मी मित्र म्हणून सांगतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. आज ती उघडलीत तर मानपत्र जाईल, खुर्ची जाईल, आणि सगळे पेपर आपल्या हातांनी मागे घेत बसाल.

सर : ताई, याआधी कोणी... आपल्या कागदावर कोणाचं...

ताई : चौघींचं ऑपरेशन झालं. पण त्या चौघींना गाठ होतीच, कागद नसता तरी करावंच लागलं असतं. मी रात्री बसून सगळ्या फाइली काढल्या. नुसत्या आपल्या शब्दावर ऑपरेशनला जाणाऱ्या या बाई पहिल्याच.

सर : तुम्ही रात्री बसलात.

ताई : झोप येत नव्हती. बावीस वर्षं तुमच्या हातून नळी घेतेय सर. तोंड बांधा, एवढं सांगायला माझी जीभ एकदाही उचलली नाही. माझाही वाटा आहे यात. पेपरात नाव नसलं तरी.

संचालक : झालं? तीन बावन्न झाले. डॉक्टरसाहेब, भाषणाचे कागद घ्या.

सर : ताई, नंबर लावून द्या बाईंचा. आणि तुम्हीच बोला ना. तुम्ही नीट समजावून सांगता.

ताई : नंबर लावते. बोलायचं काम इथे नेहमी तुम्हीच केलंय.

संचालक : मी खाली जातो. पाच मिनिटं दम धरायला सांगतो. लिफ्ट बंद आहे म्हणतो.

सर : लिफ्ट चालू आहे म्हणा. मी येतोय. मानपत्र तेवढं इथेच राहू द्या, आणि फीत बांधली असेल तर सोडवून ठेवा.

संचालक : तिथे येऊन काय बोलणार आहात तुम्ही?

सर : थोडंच. मास्क लावून.

ताई : घ्या सर. रिंग वाजतेय.

सर : हॅलो. बाई, मी डॉक्टर बोलतोय, प्रयोगशाळेतून... हो, तोच... कुठे आहात? रिक्षात? मग तिथेच थांबवा जरा... नाही, नाही, घाबरू नका. आमच्या ताईंनी सकाळी सांगितलं ते सगळं खरं आहे... त्या रिपोर्टात जे सापडलं ते तुमचं नाही. माझं आहे... हो, माझं. नळी उघडताना मी बोलत होतो ना, तेव्हा पडलं... चूक माझी, बाई. सर्जनशी मी आत्ता बोलतो, लेखीही देतो... नाही हो, मला काही झालेलं नाही, मी बरा आहे. तुम्ही माझी कसली चौकशी करताय... काय म्हणालात? उद्या सकाळी आठला? उद्या सकाळी शाळेत जा.