शेवटच्या खिळ्यावरची किल्ली

— अगं, घाबरतेस कशाला, मी इथेच असते, मागच्या खोलीत. सगळ्यांना वाटतं दुकान ओस पडलंय. कुलूप दिसलं नाही म्हणून तूही शिरलीस — असू दे, काढ काय फोटो काढायचे ते. बरण्यांचे काढ, तराजूचा काढ. गंज चढलाय, पण पारडी अजून सारखी राहतात. वास ना? साबणाचा. साबण कधीच संपले, वास काही हलायला तयार नाही.

आणि त्या किल्ल्या — हो, सगळे तेच विचारतात. म्हणजे येतंय कोण विचारायला, पण आलं तर तेच विचारेल. आधी खाण बंद पडली, मग बस बंद झाली, मग एकेक घर हललं. जाताना घराची किल्ली दुकानात ठेवायची अशी रीतच पडली, कुणी सांगितलं नव्हतं हो ठेवा म्हणून. पहिला शिंपी — ही बघ, रिकामं रीळ बांधलेली — म्हणाला, वहिनी, महिन्याभरात येतो. मग नर्सबाई. ही मास्तरांची, चिठ्ठी लावलीय, ‘पुढचे दार’. घराला दार एकच, पण लिहिल्याशिवाय मास्तरांना चैन कुठलं पडायला! आमचे हे प्रत्येकासाठी एक खिळा ठोकायचे, आणि माणूस वळला की हळूच म्हणायचे, हा काही परत येत नाही — येणारा किल्ली खिशात ठेवतो. मी म्हणायची, कशाला अभद्र बोलता? पण नाहीच आलं कुणी. त्यांचंच खरं झालं.

नको — ती नको काढूस. बाकी कुठलीही घे हातात. ती शेवटची ना, ती ह्या दुकानाचीच आहे, मागची खोलीही त्यातच आली. हे माल आणायला गेले तेव्हाची. म्हणजे मी तसंच सांगितलं माहेरी सगळ्यांना, माल आणायला गेलेत. गिऱ्हाईकच उरलं नव्हतं, माल कुणासाठी आणायचा? पण कुणी विचारलं नाही. मी तरी कुठे विचारलं? पिशवी घेतली, येतो म्हणाले, गेले. दुपारी फडकं मारायला हात वर नेला तर ही तिथे. खिळाही नवा. कधी ठोकला कुणास ठाऊक — आवाज यायला हवा होता ना गं? मी आतच तर होते. रडले-बिडले नाही. फडकं मारून झालं, खालची बरणी पुसली, चूल पेटवली.

बहीण बोलावते राहायला. एकटी काय करतेस तिथे, म्हणते. काय करते? काही नाही करत. किल्ल्या पुसते, नाहीतर गंजतात.

झाले ना फोटो? मग नीघ आता. दार नुसतं ओढून घे — नाही, कुलूप नको शोधूस, कुलूप लावत नाही मी. ह्यांच्याकडे किल्ली नाही.