ओळखीचं वजन

काका : हे घ्या, तुम्ही घरी दिलेलं यंत्र. पट्ट्यासकट, नळीसकट, खोक्यासकट. आणि याच्या जागी शुद्धीवर असलेलं एखादं द्या.

सिस्टर : आधी बसा, काका. तुमचा आवाज तुमच्याआधीच आत आलाय, त्यालाही बसवा.

काका : आवाज असाच आहे. तीस वर्षं बंदरात क्रेन चालवतोय. वरच्या केबिनमधून खालच्या माणसाशी बोलायला एवढा लागतोच.

सिस्टर : मी हाताच्या अंतरावर आहे. काय झालं मशीनला?

काका : खोटं बोलतं.

सिस्टर : म्हणजे तुमचं ब्लडप्रेशर जास्त दाखवतं. तसं म्हटलं तर या दवाखान्यातली सगळीच मशीन खोटारडी आहेत.

काका : मी काय इतका कच्चा वाटलो? यंत्र माझ्यावर रुसलं म्हणून मी त्याला नावं ठेवीन? रीतसर तपासलंय मी. रोज सकाळी.

सिस्टर : कसं तपासलंत?

काका : हां, आता ऐका. आमच्याकडे क्रेन हातात घेतली की आधी ओळखीचं वजन उचलायचं. एक लोखंडी ठोकळा असतो, बरोबर पाच टनांचा. तो उचलला आणि काट्यावर पाच आले, तर क्रेन ठीक. सहा आले तर काटा बिघडलाय. मग खाली उतरायचं आणि मेकॅनिकला शिव्या घालायच्या.

सिस्टर : बरं. मग घरात पाच टनांचं काय होतं?

काका : बायको.

सिस्टर : काकूंना माहीत आहे का हे?

काका : अहो, वजनाचं नाही म्हणत मी! स्वभावाचं म्हणतोय. शांत बाई. लग्न झाल्यापासून माझ्यावर एकदा आवाज चढवला नाही तिने. माझ्यावर! आमचा जावईसुद्धा चढवतो. मी म्हटलं, हिच्यापेक्षा ठरलेलं वजन कुठे मिळणार? म्हणून रोज आधी हिला पट्टा बांधायचा, मग मला.

सिस्टर : आणि काकूंचं काय यायचं?

काका : एकशे सत्तरच्या वर! कधी एकशे ऐंशीला टेकायचं. तेव्हाच ओळखलं मी, काटा गेला म्हणून.

सिस्टर : एखाद्या दिवशी आलं असेल.

काका : रोज, सिस्टर. रोज! म्हणून तर आलो ना तणतणत.

सिस्टर : काका, तुमची गोळी चालू आहे ना?

काका : ती कशाला? यंत्रच खोटं, तर मला आजार कुठला? आजार यंत्राला. गोळी त्याला द्या.

सिस्टर : बंद केलीत? स्वतःच्या मनाने?

काका : मनाने नाही, हिशेबाने.

सिस्टर : बोलू नका जरा. हे तुमचं मशीन मी माझ्याच हाताला लावते... एकशे चौदा. आता हे आमचं, भिंतीवरचं... एकशे बारा. काका, तुमचं मशीन ठणठणीत आहे.

काका : तुमच्या धाकाने सुधारलं असेल.

सिस्टर : काकू कुठे आहेत?

काका : बाहेर बाकावर. का?

सिस्टर : बोलवा त्यांना. आणि इथूनच ओरडू नका, उठून जाऊन बोलवा.

काकू : झालं का भांडण? निघायचं?

सिस्टर : काकू, या खुर्चीत बसा. आज तुमची पाळी.

काकू : माझी कसली? पेशंट हे. मी नुसती सोबत आलेय. ही पिशवी, हे पाणी, हा ह्यांचा चष्मा.

सिस्टर : पिशवी खाली ठेवा. पाठ टेका. पायावर पाय नको, दोन्ही पाय जमिनीवर. बाही वर करा, हात टेबलावर सैल सोडा. चहा घेऊन किती वेळ झाला?

काकू : सकाळीच घेतला, तोही अर्धा. उरलेला ह्यांनी संपवला.

सिस्टर : छान. आता पाच मिनिटं कुणीही बोलायचं नाही.

काका : पण मला एक कळत नाही की—

सिस्टर : काका. कुणीही म्हणजे तुम्हीच.

(पाच मिनिटं. पंखा तेवढा बोलतो.)

काकू : संपली? इतक्यात? सिस्टर, ही शांतता गोळीबरोबर लिहून देता येते का?

सिस्टर : अजून बोलू नका, काकू, पट्टा फुगतोय... एकशे अठ्ठ्याहत्तर, खाली एकशे चार. जरा थांबून परत घेऊ... एकशे चौऱ्याहत्तर, एकशे दोन.

काका : बघा! बघा! म्हणालो नव्हतो? बिघडलंय!

सिस्टर : हे आमचं मशीन आहे, काका.

काका : मग... दुसऱ्या हाताला लावून बघा.

सिस्टर : बघते. पण बायको तीच राहील.

काका : अहो, असं कसं? हिला राग येतच नाही!

सिस्टर : प्रेशर राग बघून चढत नाही, काका. शांत माणसालाही होतं, आणि बरेचदा कळतही नाही. काकू, छातीत दुखतं? धाप लागते? दिसायला अंधुक, हातापायाला मुंग्या, असं काही?

काकू : नाही हो, तसलं काही नाही. सकाळी डोकं जड असतं. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

काका : मला का नाही सांगितलंस?

काकू : तुमचं प्रेशर वाढलं असतं.

काका : अगं, पण कधी चिडावं तरी माणसाने!

काकू : चिडायला घरात जागा शिल्लक असते का? सगळी तुम्हीच वापरता.

सिस्टर : काकू, रोज सकाळी मोजायचे तेव्हा काका गप्प असायचे ना?

काकू : हे? बंदरातला नवा साहेब किती मूर्ख आहे ते मला पट्टा सुटेपर्यंत ऐकायला लागायचं. मी म्हणायचे, मशीन तपासताय की मला? तर म्हणायचे, तू हलू नकोस, तू ठोकळा आहेस.

सिस्टर : काका!

काका : तांत्रिक शब्द आहे तो.

सिस्टर : असेल. आता माझे तांत्रिक शब्द ऐका. काकूंना शेजारच्या खोलीत डॉक्टर आत्ताच बघतील, उद्यावर ढकलायचं नाही. तुमची गोळी पुन्हा सुरू करण्याचंही त्यांनाच विचारू. पुढे दोघांनी सकाळ-संध्याकाळ मोजायचं, आत्ता बसवलं तसं बसून, दोनदा, आणि आलेला आकडा लिहायचा. आवडला नाही तरी लिहायचा. गोळी स्वतः बंद करायची नाही. आणि मीठ कमी.

काकू : हे ह्यांना सांगा. चव बघायच्या आधी वरून मीठ घेतात. केबिनमध्ये खाऱ्या शेंगदाण्यांचा डबा आहे तो वेगळा.

काका : चहाडखोर. शांत म्हणे.

सिस्टर : पण एक बरं झालं. तुमच्या त्या वेड्या तपासणीमुळे काकूंचं निदान कळलं तरी. यंत्र दोघांबद्दलही खरंच सांगत होतं. तुम्ही ऐकलंत नाही एवढंच.

(काका यंत्राचा पट्टा गुंडाळून खोक्यात ठेवतात.)

काकू : अहो, काय झालं? बोला की काहीतरी. तुम्ही गप्प बसलात की मला धडधडतं.

काका : आमच्याकडे एक नियम आहे, सिस्टर. वजन वर असताना खालून इशारे एकच माणूस देतो. दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही. पण 'थांब'चा हात कुणीही केला, अगदी झाडूवाल्याने केला, तरी क्रेन थांबवायची. मागाहून भांडायचं, आधी थांबवायची. तीस वर्षांत तो हात माझ्या नजरेतून एकदा सुटला नाही.

काकू : माहीत आहे. जेवताना शंभरदा ऐकलंय.

काका : मग तू का नाही केलास हात?

काकू : केला होता. मागे एकदा सकाळी ओट्याला धरून उभी होते. म्हटलं, आज नको, गरगरतंय. तुम्ही म्हणालात, एका जागी उभी आहेसच तर हात दे इकडे, मशीन तपासू.

काका : मी असं म्हणालो?

काकू : पट्टा बांधतच म्हणालात.

काका : मी गाढव आहे गं.

काकू : ते मोजायला मशीन लागत नाही. आता रडू नका, सिस्टर बघतायत.

सिस्टर : मी काही बघत नाहीये. काकू, चला, डॉक्टर बोलावतायत. काका, तुम्हीही या. आत मात्र हळू बोला.

काकू : अहो, ती पिशवी राहू दे, जड आहे. मी घेते.

काका : सोड. पाणीही दे इकडे, आणि तुझा चष्मा. आज सोबत मी आलोय.