गोटूचा जबाब

संस्थानं विलीन होण्याच्या धावपळीचे ते दिवस. जैनाबादच्या शिवारात एक छोटं विमान पडलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बुऱ्हाणपूरच्या कोतवालीत बसलो होतो. शेजारच्या बाकावर शेतकरी गोटू होता, अन् त्याचा जबाब लिहून द्यायला आलेले अनंत मास्तर.

"कसं दिसलं विमान?"

"दोन पंखे होते, मास्तर. एक बंद पडलेला अन् दुसरा धूर ओकत होता. तापीवरून एकदम खाली आलं."

"मग?"

"माझ्या कपाशीत बाया वेचणीला होत्या. माझी घरवाली मालूबाई पण होती. पुढं खोल नाला. मी डोक्याचा पटका सोडला अन् जोरात हलवला."

"कशाला?"

"इथं उतरू नको म्हणून. त्याला वाटलं, मी बोलावतोय. सीधा माझ्याकडंच आला."

"बाया?"

"पळाल्या, वाचल्या. विमान नाल्यात गेलं. मागचे दोन साहेब जागीच गेले."

"अन् चालवणारा?"

"त्याला मी बाहेर ओढला. छाती पार पिचली होती."

"काही बोलला?"

"माझा हात धरला. म्हणे, भाई, तुमने जगह दिखाई, बडी मेहरबानी."

"मग तू काय म्हणालास?"

"हौ म्हटलं. तेवढं ऐकलं त्यानं, अन् गेला."

"जबाबात काय लिहू, गोटू?"

"खरं लिहा, मास्तर. खोटं मी त्याला सांगून बसलो."