पाचट ओलीला टाक

२१ ऑगस्ट, हळ्ळीखेड. ढग येऊन गेले, पाऊस नाही.

— हसा, हसा अण्णा, सगळं गाव हसून झालंय, तुम्हीच राह्यला होता. व्हय, मीच ती. शरणबसवची बायकू निलम्मा — मक्याचं पांघरूण चुलीत घातलेली. बसा, मका बघायला आलाव न्हवं, मालक येतील. गाडीभर उसाचं पाचट आणलं तेनी. कामून? मक्याच्या ओळींमधी अंथरायचं, म्हंजे जमिनीतली ओल उडत न्हाई. बरं. वरच्या पट्ट्यात युरिया टाकून आले, दारातनंच मनले, 'राह्यलेलं पाचट ओलीला टाक.' आता सांगा — घरात आमची कानडी. कानडीत ओली म्हंजे काय? चूल! आन मी चुलीपुढंच बसलेली. टाकलं चुलीत. माझं काय चुकलं? व्हय, तुमच्यासंगं मराठीच बोलायलेय की — पण चुलीपुढं माणूस कानडीच ऐकतंय. सासू माझी, रुद्रम्मा, ती बी मनली, 'शरणू, बैलासंगं मराठी बोल, बायकूसंगं कानडी बोल.' तवापासून ह्ये बैलासंगंच बोलतेत.

पण वरचा पट्टा बघवत न्हाई हो. त्यानंतर पाऊस फिरकला न्हाई, ओल उडाली, आन पोटात युरिया — उपाशी माणसाला ठेचा! पानांच्या सुरळ्या व्हायल्यात. ह्ये रोज सकाळी मक्यापुढं जाऊन उभं ऱ्हातेत, पानावरनं हात फिरवतेत. लग्नात माझ्यापुढं बी एवढं उभं ऱ्हायले न्हाईत. कणसं भरली न्हाईत तर ह्यांचं तोंड कसं बघू मी? — खालचा पट्टा? तो हिरवागार की! पाचट बाजूला सारून बोट घाला, अजून गार लागतंय. — कुणी टाकलं म्हंजे? मीच. त्याच्या आदल्या दिशी. ह्ये मनले पाचट ओलीला टाक, मी टाकलं, ओळीओळीनं, मक्याचं एक ताट मोडलं न्हाई —

…

काय बघायलाव? झड लागलती तवा. जळण भिजलेलं, पाचट तेवढं गोठ्यात कोरडं, सिलिंडर संपलेलं, आन ह्यांचे चार पावणे जेवायला. मक्याला काय पाहिजे ते सगळ्यांना ठावं. चुलीला काय पाहिजे, इचारलं कुणी? — न्हाई, मी काय बी सांगितलं न्हाई तुम्हाला. ओली म्हंजे चूल. मालकांची वाट बघू नका आता. उठा अण्णा, ऊन चढायलंय.

खालच्या पट्ट्यातली कणसं दसऱ्याआधी मोडली. वरच्या पट्ट्यात दाणा भरला नाही. तो मका वैरणीला कापला.