गजराक्काचं विरजण

ऐका मंडळी, एकच सवाल घालतो. माणूस जातं, तेव्हा मागं काय राहतं? जमीन? ती तर पोरं तेराव्याच्या आधीच मोजायला घेतात! मागच्या रांगेतल्यांनो, हसू नका, तुमचंच चाललंय.

आमच्या कुसवड्यात गजराक्का होती. नव्वदीला टेकलेली. उभा जन्म चूल आणि गोठा. कीर्तनाला यायची, पण बसायची दारात — घरी भात शिजत घातलेला ना! लग्नात माहेराहून तिनं विरजण आणलं, ते सत्तर वर्षं मोडू दिलं नाही. आजच्या दह्यातलं चमचाभर उद्याच्या दुधाला. आणि मागेल त्याला वाटीभर.

आता आपल्यात दिवेलागणीला दही घराबाहेर देत नाहीत. सून सुनंदा म्हणायची, "आत्या, लक्ष्मी जाते अशानं." तर गजराक्का म्हणायची, "जाऊ दे की. लई लांब न्हाई जायची, शेजारीच जाईल."

एकदा म्हातारी तापानं पडलेली. तिन्हीसांजेला शेजारची कोंडाबाई वाटी घेऊन आली, विरजण मागायला. सुनंदानं दार लावून घेतलं! गजराक्काला कळलं. सकाळी ताप अंगात, हातात काठी, आणि स्वतः जाऊन वाटी देऊन आली. सुनेला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं, असं सुनंदाला आजही वाटतं.

पुढं गजराक्का गेली. सुतक फिटलं, भावकीतल्या बायांनी घर सारवलं, भांडी राखेनं लख्ख घासली. त्यात दह्याचं मडकंही! सत्तर वर्षांचं विरजण मोरीतनं गेलं. कुणाला दोष द्यायचा? चांगुलपणानंच घासलं त्यांनी.

घरात धोंडीतात्या, गजराक्काचा नवरा. दहीभाताशिवाय त्यांचं जेवण कधी संपलं नाही. सुनंदानं दुकानचं दही वाढलं. तात्यांनी बोट लावलं, ताट सारलं. "हे तिचं न्हाई." असं रोज. म्हातारा वाळत चालला. आठव्या दिवशी ताट पुन्हा तसंच उठलं, तशी सुनंदा वाटी घेऊन निघाली. कुठं? कोंडाबाईच्या दारात. आणि वेळ कुठली? दिवेलागणीची!

मान खाली घालून म्हणाली, "येळ न्हाई मागायची. पर तात्या जेवत न्हाईत."

कोंडाबाई आत गेली. सुनंदाला वाटलं, आता दार लागणार. लागायलाच पाहिजे होतं, नाही का? तुम्ही-आम्ही लावलं असतं. कोंडाबाई वाटी भरून घेऊन आली.

"घे. आक्काचंच हाय, मी नुसतं सांभाळलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनंदानं दहीभात कालवून दिला. तात्यांनी एक घास घेतला. थांबले. मग सगळं ताट पुसून खाल्लं. आणि चुलीकडं बघून सुनेला म्हणाले, "तिला म्हणावं, तूबी जेव आता. लई उशीर झालाय."

सुनंदा पदर तोंडात धरून रडली. अहो, सत्तर वर्षं ती बाई सगळ्यांच्या मागनं जेवली. हे एक वाक्य तिच्या कानावर कधी पडलं नव्हतं!

मंडळी, मागं काय राहतं, ते कोंडाबाईच्या मडक्यात बघून घ्या. पण तात्यांचं ते वाक्य माझ्या उरात रुतून बसलंय. आता टाळ वाजतील, देवाचं नाव घेऊ, तुम्ही घरी जाल. पाटावर बसायच्या आधी आत डोकवा. तिथं कुणीतरी जेवायचं राहिलंय. ती आहे तोवर तिला म्हणा.