बाबांचं खोबरेल

"घरच्या घरी गाडी चकाचक" असं कोणी म्हणालं ना, की मी अजून आधी गाडीची किल्ली लपवते. दोन हजार सहा-सातची गोष्ट. जयपूरला मी नोकरीत नवीनच होते. सांगलीहून बाबा आले आणि माझ्या सेकंडहँड गाडीच्या मागेच लागले. बंपरची पट्टी चिंचेने घासली, दिव्यांच्या काचा टूथपेस्टने, डॅशबोर्डला खोबरेल चोपडलं.

रविवारी त्यांना घेऊन जवळच्या चौमूं गावाला निघाले. गल्लीतून हळूहळू सीकर रोडला लागलो. मी म्हणाले, "बाबा, आज ब्रेक करकरत नाहीये!"

"कसा करकरेल? बिजागरीला सोडतो तसं सकाळी चाकांच्या आत खोबरेल सोडलंय."

"ब्रेकला तेल?" मी ओरडले. समोर लोखंडी सळ्या लादलेली उंटगाडी थांबली होती. सळ्या मागे तीन-चार हात बाहेर, टोकाला लाल फडकं. मी ब्रेक पार तळाला दाबला, तरी गाडी आपली चाललेलीच.

"अगं थांबव!"

"थांबत नाहीये, बाबा!"

दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. मागून किंचाळल्यासारखा आवाज आला आणि गाडी थांबली. लाल फडकं बाबांच्या तोंडासमोर काचेला टेकलं होतं.

"मॅडमजी, मरना है क्या?" उंटवाला ओरडला.

मी इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो, म्हणून वाचलो."

फडक्यावरची नजर न हलवता बाबा म्हणाले, "मागच्यांनाही घालणार होतो गं. बाटली संपली."