हिसका

—ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे, तो पास तिथंच ऱ्हाऊ दे गल्ल्यावर, पिशवीत घालू नको. येनाऱ्या-जानाऱ्याच्या नजरंला पडला पायजे. आत्ता मेडिकलवाला वाचून गेला मोठ्यानं — 'पायलटच्या घरचे, एक मानूस' — तोंड बघितलंस त्याचं? आंबट! रविवारी संभाजीनगरला इमानाचा शो, अन पहिल्या रांगेत कोन? चौसाळ्याचा बसवराज खवावाला. फेटा आनून ठेवलाय मी बीडहून, तुव्हा फोन आला त्याच दिवशी. बस, सूनबाई, त्या पोत्यावर बस, साखर हाय त्यात, कपड्याला काय होत न्हाई. सायली ना नाव तुव्हं? लग्नाला मी आलो न्हाई, त्याच्यामुळं नाव ध्यानात ऱ्हात न्हाई. केदारला न सांगता आलीस ना? मला कळतं गं. त्यानं येऊच दिलं नसतं. तुव्हल्या जातीवरून दोन शब्द बोललो व्हतो मी फोनवर, ते धरून बसलंय येडं. बापाचं बोलनं काय मनाला लावून घ्यायचं असतं? तू न्हाई लावलंस, तू शहानी. म्हनलीस, आपन मिटवू, मामंजीला शो दाखवू, नातीला आजोबा दाखवू. बरं केलंस. लई बरं केलंस.

काय? दुसरा पास भेटला न्हाई म्हनतीस? मंग काय झालं, एक बास हाय. तिला कशाला? ती काय करनार तिथं जाऊन? ती तिकडं आतमधी भट्टीपाशी बसलीय बघ, केदारची आय — आवाज येतोय ना उलथन्याचा, खर्र-खर्र, खर्र-खर्र? ती बोलत न्हाई, तिचं उलथनं बोलतं. खवा हलवता-हलवता हात थांबला की कढई खाली लागते, घडीभरात सगळं मातेरं. म्हनून न्हाई थांबत ती. आलीस तवा बी उठली न्हाई, राग नको मानू. तिला तसंच वळन लावलंय मी. — ए ईश्वरी, इकडं ये गं बाई, आजोबा दूध देतो. ताजं हाय. हे घे, पेला दोन्ही हातांनी धर — अगं काठोकाठच भरनार मी, बघू तरी कुनाची लेक हाय! जा, त्या दारापस्तोर जायचं अन परत यायचं. थेंब सांडायचा न्हाई. जा. — खेळतंय लेकरू, खेळू दे की, सायली.

तर मी काय सांगत व्हतो — तो मोबाइलवरचा पिच्चर. मेडिकलवाल्यानंच दाखवला. ते लाल इमान, एवढुसं, नाकतोड्यावानी, सरळ वर गेलं, वर जाऊन थांबलं — थांबलं गं, आभाळात! — अन मंग असं अलगद पाठीवर पडलं, जसं मानूस खाटंवर पडतं. मागं पांढऱ्या धुराची रेघ, कुठं तुटली न्हाई, कुठं वाकडी न्हाई. अन मंग ती मुलाखत घेनारी बाई इचारते केदारला, सर, दुसऱ्यांचं इमान गचके खात फिरतं, तुमचं लोन्यातून सुरी फिरावी तसं फिरतं, हे कसं काय? तर हा म्हनतो — मी पाठ केलंय, सांगतो — म्हनतो, दांडा मुठीत आवळायचा न्हाई, बोटांत धरायचा. वढायचा न्हाई, दाब देत न्यायचा. इमान जिथं जानार तिथं आपन आधी जाऊन थांबायचं, मनानं. काय होनार ते व्हायच्या आधी बुडाला कळलं पायजे, बसल्या जाग्याला. अन उडायच्या आधी जमिनीवर डोळे मिटून चालायचं, हात हालवत, सगळं एकदा डोळ्यापुढून काढायचं. अन शेवटी काय म्हनला? म्हनला, 'एकदा बी हिसका बसता कामा न्हाई.' हिसका! त्या बाईला वाटलं, कुठल्या परदेशात शिकून आलाय. परदेशात न्हाई बाई. नेकनूरच्या रस्त्यावर. मव्ह्या राजदूतच्या मागच्या शिटावर.

तुला सांगितलं असंल त्यानं, दुधाचं? न्हाई? कायच न्हाई? कमाल हाय. — अगं, रोज पहाटं नेकनूरला जायचो आमी दूध आनायला. तवा हा रोड असा नव्हता, नुसते खड्डे. मी गाडी चालवनार, हा मागं, मांडीत दुधाचा कॅन, गळ्यापस्तोर भरलेला, उघडा. येवढं पोरगं, पाय बी टेकत न्हाईत फुटरेस्टला. सांडलं की जिथं सांडलं तिथं उतरायचं, चालत यायचं घरी. शाळा बुडाली तर बुडाली. — झाकन? झाकन व्हतं की कॅनला. ते काय, सुपारी ठेवलीय बघ मी त्यात. मीच काढून ठेवायचो. झाकन लावल्यावर शिकनार काय? पहिल्या म्हयन्यात रोज चालत आलं. रडत. मंग हळूहळू कळाया लागलं त्याला. खड्डा यायच्या आधी अंग सैल सोडायचं, कॅन हातात तरंगता ठेवायचा. खड्डे तर खड्डे, ते पाठ होतात. मंग मी काय करायचो — सपाट रोडवर, कारन नसता, कचकन ब्रेक मारायचो. हॅ हॅ! आता खड्डा न्हाई तर काय बघशील? पन लेकाचं मव्हं, त्यानं ते बी वळखलं. मव्ही मान बघायचं मागून. मानंची शीर हालली की त्याला कळायचं, आता बाप ब्रेक मारनार. थेंब सांडायचा न्हाई बघ! रात्री खाटंवर डोळे मिटून हात हालवत पडायचं — आता मसोबाचं वळन, आता पूल, आता बाप. शेजारचे म्हनायचे पोराला लागीर झालंय. मी म्हनलो, लागीर न्हाई, बाप झालाय.

हसत न्हाईस तू? बरं, मला सांग, घरात कसा हाय तो? दरवाजा आपटतो? न्हाई ना? भांडं आपटतो? आवाज चढवतो? न्हाई. तुव्ह्या कपाळाला आठी पडायच्या आधी त्याला कळतं, का न्हाई? — मंग! त्याचा फायदा कुनाला? तुला. शिकवलं कुनी? मी. लोकांच्या सुना सासऱ्याचे पाय धरतात येवढ्यासाठी.

— शाब्बास गं ईश्वरे! बघ, बघ, आली बी परत! थेंब न्हाई सांडला! अगं हात बघ तिचे, हुबेहूब केदार. चल, आता एका हातानं. अजून एकदा. न्हाई, प्यायचं न्हाई, आधी जाऊन ये. तू गप, सायली, पोर दमत न्हाई येवढ्यानं.

कोनती बोटं? अच्छा. ती. करंगळी अन तिच्या शेजारचं, उजव्या हाताची. मिटत न्हाईत पुरी, व्हय. पिच्चरमधी दिसतं ते — दांडा तीनच बोटांत धरतो, लोक म्हनतात काय नजाकत हाय, काय हलका हात हाय. काय सांगितलं त्यानं तुला? कढईवर पडला लहानपनी? — वा! बघ. इतक्या वर्सांनी बी बापाचं नाव झाकून ठेवलंय. असं पायजे लेकरू. मंग तेच खरं, पडलाच. त्याच्या आयला इचार, ती बी तेच सांगंल, बीडच्या डाक्टरला तिनंच सांगितलं व्हतं, पडला म्हनून. — पडल्यावर दोनच बोटं कशी भाजतील? आता हे काय वकिलावानी इचारायलीस? भाजतात. कुठं कसं पडंल त्याचा काय नेम हाय का? अन मी व्हतो ना तिथं, मी हात धरला व्हता म्हनून दोनच —

म्हंजी उचलायला धरला. पडताना.

अशी बघू नको मव्ह्याकडं. त्या दिवशी त्यानं काय केलतं ते इचार की आधी! आदल्या राती त्याच्या आयला दोन रट्टे दिलते मी, काय तरी उलट बोलली व्हती, कोन घरात देत न्हाई? हा बघत व्हता चौकटीत उभा. सकाळी नेकनूरहून निघालो, म्हनलं आज लई शांत बसलाय, कॅन हालत न्हाई, डुलत न्हाई. चौसाळ्याच्या वेशीत आल्यावर गाडी थांबवली, बघतो तर कॅन रिकामा. रिकामा! सांडलं असतं तर गचका बसला असता, मला कळलं असतं. त्यानं ओतलं व्हतं. चालत्या गाडीवरून, कॅन तिरका धरून, बारीक धारंनं, सगळ्या रस्त्यानं. मागं वळून बघितलं तर डांबरावर पांढरी रेघ, कुठं तुटली न्हाई, कुठं वाकडी न्हाई — पार नजर पोचंल तिथपस्तोर. कुत्री चाटत व्हती. अन हा मव्ह्या डोळ्यात बघत व्हता. त्या धुराची रेघ मोबाइलवर बघितली ना, मला तीच आठवली. मी म्हनलं मेडिकलवाल्याला, दुधाचीच हाय ती. त्याला काय समजनार.

आता सांग, बापानं काय करायचं अशा टायमाला? आरती ववाळायची? अख्खा बाजार बघत व्हता. हिसका दाखवावाच लागतो. मी बी मानूस हाय, मला बी इचार हाय — उजवा हात, लिहायचा हात, सगळा कसा लावीन? शेवटची दोनच लावली. दोनच! मोजून. दुसरा असता तर पंजा दाबला असता कढईवर. ती आतमधी उलथनं हालवत व्हती तवा बी. हालवतच ऱ्हायली, खवा लागू न्हाई दिला तिनं. त्याच म्हयन्यात तिचा भाऊ पोराला लातूरला घेऊन गेला, शिकवायला म्हनून, ते परत आलंच न्हाई. आलं न्हाई तर न्हाई. पन काय झालं बघ! ती दोन बोटं मिटली असती तर दांडा आवळला असता त्यानं चारचौघांवानी, अन इमान गचके खात फिरलं असतं. त्याचं नाव झालं ते ह्या दोन बोटांवर. रविवारी मी त्या बाईला हेच सांगनार, मोबाइलवाल्या बाईला, पहिल्या रांगेत बसून. हात दाखव म्हननार केदारला सगळ्यांपुढं.

कावून उठलीस? बस की, च्या येतोय. — ए पोरी, थांब, तशीच उभी ऱ्हा. एका हातानं बी सांडलं न्हाई, लई भारी! पन हे सपाट जमिनीवर झालं गं. खरी परीक्षा ही —

हॅ हॅ, दचकलं! गल्ल्यावर नुसती थाप मारली तर सगळं दूध फरशीवर! बघ, बघ, ह्याच्यासाठी म्हनतो मी, हिसका पायजे, त्याबिगर कळत न्हाई. रडायचं न्हाई. रडायचं न्हाई म्हनतो ना! दे इकडं हात. इकडं ये, भट्टीकडं, आजोबा दाखवतो तुव्ह्या बापाला कसं —

अगं ए! सोड! मव्ह्या अंगावर हात टाकतीस? सासऱ्याच्या? मी काय लावनार व्हतो का तिला? नुसतं दाखवत व्हतो, धग दाखवत व्हतो लांबून. पोरीला असं ओढत कुठं चाललीस? बरं, जा. जा! तुमच्या जातीचं रगत दाखवलंस शेवटी. पन पास ठेव तो. ठेव म्हनतो ना पास! अख्ख्या चौसाळ्याला सांगून बसलोय मी, फेटा आनलाय — सायली, ऐक, बाई, ऐक, मी केदारला काय बोलनार न्हाई, नुसता बसंन. मागच्या रांगेत बसंन. अगं मी बाप हाय त्याचा!

जा खड्ड्यात. माज आलाय. — उमे! फडकं आन गं, फरशी चिकट झाली. उमे! आनती का न्हाई?

आवाज कावून बंद झाला? उमे, हात कावून थांबवलास? कढई लागंल की.

… चपला कुठं गेल्या हिच्या? — ए! ए सायली, गाडी थांबवा! मागं कोन बसलंय ते? उमे! सायली, पास हिच्या हातात कावून दिलास? उमे, उतर खाली! उतर म्हनतो, कढई सोडून कुठं चाललीस — वळून तरी बघ —

काय बघताय रे तुमी? दुकानं न्हाईत का तुमाला? चला, निघा. करपलाय खवा, दुसरं काय न्हाई. निघा म्हनलं ना.